देवाला चालणारं विष

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर बेलाच्या जुड्यांशेजारी धोतऱ्याची काटेरी बोंडं आणि कर्ण्यासारखी लांबट फुलं वाट्यावर विकली जातात. हेच झुडूप एरवी उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला, गावकुसाबाहेर उगवतं. ज्या घरात मुलांना त्याला हात लावू नका म्हणून दटावतात, त्याच घरातून ते फूल पिंडीवर वाहिलं जातं, आणि यात काही विसंगत आहे असं कोणाला वाटत नाही. देवाला जे चालतं ते माणसाला का चालू नये, हा प्रश्न बालिश वाटला तरी त्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. वाईटपणा वस्तूत असतो, की ती वस्तू आणि तिच्याशी गाठ पडलेला जीव यांच्या संबंधात? धोतऱ्यापुरतं बोलायचं तर आपल्या वैद्यकानं आणि आपल्या उपासनेनं, दोघांनीही, दुसऱ्या बाजूनं कौल दिला आहे. तो कौल मला बरोबर वाटतो. पण हल्ली त्याचा अर्थ अगदी उलटा लावला जातो. देवाला चालतं म्हणजे निर्धोक, झाडपाल्याचं म्हणजे अपाय नाही, असं समजून चालणारे लोक ज्या परंपरेचा हवाला देतात, ती परंपरा असं काहीच म्हणत नाही.

आधी झाड नीट पाहू. धोतरा हा वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू यांचा भाऊबंद. त्याच्या सर्व अंगांत, आणि बियांत तर विशेष, ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन या जातीची अल्कलॉइडं असतात. मज्जातंतूंकडून ग्रंथींना, आतड्यांना, बुबुळांना आणि हृदयाला ॲसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत जे निरोप जातात, त्यांतले बरेचसे ही अल्कलॉइडं वाटेत अडवतात. मग तोंडाला कोरड पडते, घसा सुकून गिळवत नाही, घाम थांबून अंग तापतं, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते, लघवी अडते. आणि माणूस बरळायला लागतो: हवेतल्या नसलेल्या वस्तू पकडू पाहतो, अंथरुणाचे धागे ओढत बसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला यातलं फारसं आठवत नाही. ही शेवटची गोष्ट चोरांच्या फार पूर्वी लक्षात आली होती. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात धोतऱ्यावर एक संवाद लिहिला आहे. घरातल्या दासीला धोतरा चारून दागिने लांबवल्याची हकीकत त्यात येते, आणि धोतरा पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो, कोणी काहीही नेलं तरी अडवत नाही, असं वर्णनही. पुढे १५८०च्या दशकात गोव्यात राहून गेलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशानं तर तिथल्या बायका नवऱ्याला धोतरा देऊन गुंगवतात असं लिहून ठेवलं. त्यात गावगप्पांचा भाग किती हे तोच जाणे. प्रवासवर्णनकारांना परक्या मुलखातल्या बायकांविषयी असल्या गोष्टी नेहमीच भरपूर ऐकू येतात. पण प्रवाशाशी सलगी करून त्याच्या खाण्यात धोतरा मिसळायचा आणि त्याला लुबाडायचं, हा गुन्हा भारतात इतका रुळलेला होता की न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी वेगळं कसं ओळखायचं हे आजही शिकवतात. दोन्ही चपटी, दोन्ही मूत्रपिंडाच्या आकाराची. धोतऱ्याचं थोडं मोठं, पिवळट तपकिरी, पृष्ठावर बारीक खड्डे असलेलं, चवीला कडू. मिरचीचं फिकट पिवळं, गुळगुळीत आणि तिखट.

आता त्याच झाडाची दुसरी बाजू. रसशास्त्रानं धोतऱ्याला रुई, कण्हेर, कळलावी, गुंज यांच्या पंगतीत, उपविषांत बसवलं आणि तरीही वापरातून काढून टाकलं नाही. दम्यावर दिल्या जाणाऱ्या कनकासवात धोतरा मुख्य आहे. दुखऱ्या सांध्यावर धोतऱ्याचं पान गरम करून बांधायची रीत खेड्यापाड्यांत सर्वत्र आहे. दम्याच्या उबळीत सुक्या पानांचा धूर ओढायचा प्रकार भारतातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात पोचला आणि पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ तिकडच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. यात ध्यानात घेण्याजोगं हे, की झाडात एक विषाचा घटक आणि दुसरा औषधाचा असं काही नाही. श्वासनलिका आवळणारा निरोप अडला की दमेकऱ्याला श्वास मिळतो, आणि तीच अडवणूक साऱ्या शरीरभर झाली की माणूस भ्रमिष्ट होतो. क्रिया एकच. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात हा मुद्दा आलेला आहे: तीव्र विषही युक्तीनं वापरलं तर उत्तम औषध ठरतं आणि उत्तम औषधही अडाण्याच्या हाती विष ठरतं, अशा आशयाचं विधान तिथे आहे. युरोपात पॅरासेल्ससनं १५३८च्या सुमारास जवळजवळ हेच सांगितलं, पण त्यानं सगळा भार मात्रेवर टाकला. चरकाची युक्ती मात्रेहून रुंद आहे. रोगी कोण, वय काय, बळ किती, ऋतू कोणता, रोग कोणत्या अवस्थेत आहे, कशाबरोबर द्यायचं, आणि देणाऱ्याला हे सगळं कळतं का, हे तिच्यात येतं. मला ही व्याख्या जास्त खरी वाटते, कारण नुसती मात्रा म्हटलं की पुन्हा सगळी जबाबदारी वस्तूच्या वजनावर जाते, जाणत्या माणसावर येत नाही.

हा केवळ जुन्या ग्रंथांचा चमत्कृतीपूर्ण विचार नाही, याचा पुरावा विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत मिळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दाखल झाले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची कीटकनाशकं अंगात गेली की ॲसिटिलकोलीनचा निचरा करणारं विकर बंद पडतं. निरोप साचत जातात. तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर सुरू होते, आणि रोगी आपल्याच स्रावांत बुडून मरतो. अशा वेळी डॉक्टर देतात ते ॲट्रोपीन, म्हणजे धोतऱ्यात आणि त्याच्या चुलत झाडांत सापडणारं तेच द्रव्य. ते ठरलेल्या एका डोसात देऊन भागत नाही. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर आधीच्या दुप्पट द्यायचं, पुन्हा ऐकायचं; छाती स्वच्छ होईपर्यंत, नाडी चढेपर्यंत, काखेतला घाम वाळेपर्यंत. निरोगी माणसाला आडवं करील एवढं ॲट्रोपीन त्या रोग्याला जेमतेम पुरतं. हात जरा सैल सुटला की रोगी तापतो, चादर ओढायला लागतो, भिंतीशी बोलतो; धोतरा खाल्लेल्याची सारी लक्षणं उभी राहतात आणि डॉक्टर ते थांबवतो. त्या खाटेवर धोतऱ्याच्या द्रव्याला विष म्हणायचं की औषध, हे त्या घटकेला त्या शरीराकडे पाहूनच ठरतं. बाटलीवरचं नाव त्याला पुरत नाही.

यावर शास्त्र शिकलेला वाचक म्हणेल की हा शब्दच्छल झाला. ॲट्रोपीनचा रेणू तोच, त्याचे गुण ठरलेले. विष त्या रेणूतच आहे, संबंधबिंबंध काही नाही. गुण ठरलेले आहेत हे कबूल. पण त्या रेणूचा गुण म्हणजे एका विशिष्ट जागी जाऊन बसणं, इतकाच. त्याला विषारी म्हटलं की कोणाला तरी विषारी म्हणावं लागतं. अनेक सशांच्या रक्तात ॲट्रोपीन फोडणारं विकर असतं. माणसाला भोवतील अशी पानं ते खुशाल खातात. आणि याहून बोलकं उदाहरण नायजेरियातल्या कॅलाबारचं आहे. तिथे आरोपीला एका वेलीचं बी उगाळून पाजत. ओकून टाकलं तर निर्दोष, मेला तर दोषी. म्हणजे तिथे विष न्यायाधीशाच्या जागी बसवलेलं, त्यात दैवी विवेक आहे असं मानलेलं. त्या बियांतलं फायसोस्टिग्मीन हे द्रव्य ॲसिटिलकोलीनचा निचरा थांबवतं, जे काम आपली कीटकनाशकं करतात तेच. १८६४ साली प्राग शहरात क्लाइनवेख्टर नावाच्या डॉक्टरनं ॲट्रोपीनची बाधा झालेल्या कैद्याला कॅलाबारच्या बियांचा अर्क दिला आणि तो उतारा ठरला. धोतऱ्याच्या गंभीर बाधेवर आजही फायसोस्टिग्मीन वापरतात. एका विषाचा उतारा दुसरं, आणि त्या दुसऱ्याच्या जातीच्या विषाचा उतारा पहिलं. विषपण रेणूतच कोरलेलं असतं तर ही दोन विषं एकत्र आल्यावर बाधा दुप्पट व्हायला हवी होती.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या आतूनच येतो आणि तो जास्त कसदार आहे. विष संबंधात असेल तर शोधन कशाला? धोतऱ्याच्या बिया फडक्यात बांधून पुरचुंडी करतात, ती हंडीत आडव्या काडीला टांगून गाईच्या दुधात बुडवतात, तळाला टेकू न देता प्रहरभर उकळतात, मग धुऊन, वाळवून, टरफल काढून वापरतात. दूध फेकून देतात. हा सगळा खटाटोप वस्तूतला दोष काढण्यासाठीच ना? बचनागाच्या बाबतीत तर रसायनशास्त्रानं याला दुजोराच दिला आहे. उकळण्यानं त्यातलं अकोनिटीन फुटून पुष्कळच सौम्य द्रव्यांत बदलतं. हे सारं खरं. पण शोधनाचा हेतू धोतऱ्याचा धोतरेपणा नाहीसा करणं हा असता, तर तो सिद्ध झाल्यावर उरलेला चोथा औषध म्हणून देण्यात अर्थ नव्हता. अल्कलॉइडं पार निघून गेलेला धोतरा दम्याला काय करणार? शोधन झालेलं बी उपविषच राहतं, त्याची मात्रा गुंजेच्या हिशोबात मोजली जाते. शोधनानं धार बोथट होत नाही, तिला मूठ बसते. वस्तू माणसाच्या शरीराशी ज्या अंतरावर उभी होती ते अंतर बदलतं. हे संबंध बदलणंच झालं.

भाविकाचा आक्षेप वेगळा. पूजेत औषधशास्त्र शोधणं हाच मुळी करंटेपणा, असं तो म्हणेल. देव भावाचा भुकेला, त्याला फूल विषारी की सुवासिक याच्याशी कर्तव्य नाही. वामनपुराणात धोतरा शिवाच्या हृदयापासून उपजल्याचं सांगितलं आहे, म्हणून तो त्याला प्रिय, विषय संपला. भावाविषयी माझी तक्रार नाही. पण विधी नीट पाहिला तर त्यात भावापेक्षा काटेकोर असं काहीतरी दिसतं. विठोबाला वाहिलेली तुळस आपण प्रसाद म्हणून तोंडात टाकतो. गणपतीपुढचा मोदक वाटून खातो. पिंडीवर वाहिलेलं मात्र सर्वसाधारणपणे परत घ्यायचं नसतं. शिवनिर्माल्य ग्रहण करू नये असा दंडक आहे. त्याला ज्योतिर्लिंगांचे आणि इतर काही अपवाद सांगितलेले आहेत आणि पंथापंथांत मतभेदही आहेत, पण मूळ कल न घेण्याकडेच आहे. पिंडीवरून वाहणाऱ्या पाण्याची वाटसुद्धा प्रदक्षिणा घालताना ओलांडत नाहीत, अर्धीच प्रदक्षिणा करून मागे फिरतात. धोतऱ्याचा प्रवास तिथे एकाच दिशेचा आहे. तो देवाकडे जातो, माणसाकडे परत येत नाही. समुद्रमंथनाच्या कथेतही हलाहल शिवाच्या पोटात गेलं नाही आणि त्याचं अमृतही झालं नाही. ते गळ्यात राहिलं आणि गळा निळा पडला. देवाच्या अंगाला लागूनही विष विषच राहिलं, हे कथाकारानं मुद्दाम दाखवलेलं आहे. तेव्हा शिवाला धोतरा आवडतो म्हणून थंडाईत चार बिया घोटणारा माणूस शिवाचं अनुकरण करतो असं म्हणता येत नाही. त्यानं शिवाची जागा बळकावलेली असते. उपासनेनं विषाला जगात जागा दिली, पण ती माणसाच्या ताटात दिली नाही, आणि उपासनेचा व वैद्यकाचा धागा इथे जुळतो: दोन्हीकडे विष नाकारलेलं नाही, दोन्हीकडे त्याच्याभोवती कुंपण आहे.

एवढं मान्य केलं की एक नैतिक भीती उभी राहते. कोणतीच वस्तू मुळात वाईट नसेल, तर उद्या कोणीही कशाचंही समर्थन करील. बंदूक वाईट नाही, दारू वाईट नाही, सगळा दोष वापरणाऱ्याचा. हा युक्तिवाद कारखानदारांना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे, म्हणून इथे हात आखडावा लागतो. धोतरा माणसासाठी निर्माण झालेला नाही. त्याचं विष त्यानं किड्यांपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचावासाठी बाळगलं आहे, आणि रात्री उमलणाऱ्या त्याच्या फुलांवर पतंग येतात ते या व्यवहाराचा भाग म्हणून. त्याचा आपल्याविषयी काहीही हेतू नाही. माणसानं घडवलेल्या वस्तूचं तसं नसतं. तिच्यात घडवणाऱ्याचा हेतू भरलेला असतो. १९३६ साली जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधताना टाबून या द्रव्यावर येऊन पोचला, आणि सैन्यानं ते उचलल्यावर त्याचा नर्व्ह गॅस झाला. त्याच्यावरही उतारा ॲट्रोपीनच. शेतासाठी शोधलेलं कीटकनाशक निदान दोन अर्थांनी पाहता येतं, पण माणसं मारायला म्हणून तोफगोळ्यात भरलेल्या वायूचा माणसाशी दुसरा कोणता संबंध संभवतो? विष संबंधात असतं हे विधान त्यामुळे निसर्गातल्या वस्तूंपुरतंच निखळ खरं आहे. घडवलेल्या वस्तूंच्या बाबतीत संबंध आधीच ठरवून मग वस्तू बनवली जाते, आणि तो ठरवणारा दोषातून सुटत नाही.

युक्तीवर एवढा भार टाकायचा तर युक्ती चुकतेही, हे मान्य करावं लागतं. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर धोतरा सांगितला आहे. रेबीज त्यानं थांबत नाही. त्याला १८८५ साली पाश्चरनं दिलेल्या लशीची वाट पाहावी लागली. सुश्रुतानं सांगितलं म्हणून आज कोणी तो प्रयोग करील तर तो सुश्रुताचा अनुयायी ठरणार नाही, कारण युक्ती म्हणजे परिणाम पाहून वागणं आणि इथे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरेचा अधिकार वस्तूंच्या यादीत नसून त्या याद्या तपासत राहण्याच्या शिस्तीत आहे, असं माझं मत आहे आणि ते अनेक वैद्यांना रुचणार नाही. चरक मात्र भोंदू वैद्यावर जेवढा तुटून पडतो तेवढा विषावर पडत नाही. जाणत्याचा वेश पांघरून शरण आलेल्या रोग्याकडून काही घेण्यापेक्षा उकळतं तांबं प्यालेलं बरं, असं तो बजावतो. आपल्या कायद्यानं हे निराळ्या भाषेत मांडलं आहे. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमांच्या ई (१) या अनुसूचीत धोतरा, बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज, कळलावी यांची नावं आहेत, आणि पोटात घ्यायच्या ज्या आयुर्वेदिक औषधात ती असतील त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरातली ओळ वाचून कोण थांबतं हा भाग वेगळा. पण तिच्यात आयुर्वेदाचा अपमान झाला असं मानणाऱ्यांनी चरकाचा पहिला अध्याय पुन्हा उघडून पाहावा.

सर्वांत जड आक्षेप अजून राहिलाच. विषाचं औषध ज्ञानानं होतं असं म्हणायचं, तर ते ज्ञान आलं कुठून? कोणाच्या तरी शरीरातून. जपानमध्ये हानाओका सेइशू या शल्यवैद्यानं धोतरा आणि बचनाग यांच्या मिश्रणातून गुंगीचं औषध तयार केलं आणि १३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनातली गाठ तिला वेदना न होता काढली. संपूर्ण भूल देऊन केलेली ही जगातली पहिली नीट नोंदलेली शस्त्रक्रिया मानतात. बोस्टनमधल्या ईथरच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या बेचाळीस वर्षं आधीची. ते मिश्रण बेतायला त्याला वीसेक वर्षं लागली. आधी जनावरं, मग घरची माणसं. त्याच्या पत्नीनं, काए हिनं, स्वतःवर प्रयोग करू दिले आणि तिची दृष्टी गेली. तिनं स्वखुशीनं होकार दिला असं सांगतात, पण त्या काळच्या जपानी घरातल्या सुनेच्या होकाराला किती मोकळीक असेल याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला वेगळी द्यायला नको. हा आक्षेप खोडता येतो असं मला वाटत नाही. फार तर इतकं म्हणता येईल की ज्यानं किंमत मोजली त्याचं नाव आणि जे कळलं ते उघडं राहावं, म्हणजे दुसऱ्या कोणाला तीच किंमत पुन्हा मोजावी लागू नये. हानाओकानं नेमकं तेच केलं नाही. शिष्यांकडून गुप्ततेची शपथ घेऊन तो ती कृती शिकवत असे. त्यामुळे आपल्या हयातीत त्यानं या औषधावर शेकडो शस्त्रक्रिया केल्या तरी जपानबाहेर त्याची खबर गेली नाही, आणि १८४६पर्यंत लंडनमध्ये, कलकत्त्यात, मुंबईत रोग्याला चार माणसांनी धरून ठेवूनच अवयव कापले जात होते.